भजी तळतात, भज्जी शिजवतात

भजी तळतात. भज्जी शिजवतात. भजी कुठल्याही बसस्टँडवर, कुठल्याही महिन्यात, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर मिळतात. भज्जी, म्हणजे ओले दाणे आणि पालेभाज्या ताक-बेसनात शिजवून केलेली भाजी, वर्षातून एकदा होते, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आणि ती खायला शेतात जावं लागतं. माझ्या माहेरी, लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात, हा फरक कुणाला समजावून सांगायला गेलं तर समोरचा आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघेल. पण मी राहते छत्रपती संभाजीनगरात आणि काम करते मुद्रितं तपासायचं. त्यामुळे थंडीचे दिवस आले की एका जोडाक्षरावरून माझं कुणाशी ना कुणाशी वाजतंच.

बाहेरच्या माणसाला मराठवाडा सगळा एकच वाटतो. आठ जिल्हे आणि एक दुष्काळ. प्रत्यक्षात आमची येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली ही वेळ अमावस्या, संभाजीनगर-जालन्याच्या माणसाच्या गावीही नसते. लातूर, धाराशिव, त्यांना लागून असलेला बीड-नांदेडचा काही भाग, इकडं सोलापूर आणि पलीकडं कर्नाटकातले बिदर-कलबुर्गी, एवढ्या पट्ट्यात हा सण. लातुरात त्या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. दुकानं बंद, रस्ते ओस, एखाद्या नवख्या माणसाला संचारबंदी लागली की काय असं वाटावं. सगळं शहर शेतात गेलेलं असतं. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच, आणि न बोलावता गेलं तरी कुणी 'तुम्ही कोण' म्हणून विचारत नाही, आधी पत्रावळी पुढं येते. इकडं संभाजीनगरात त्याच दिवशी सगळं नेहमीसारखं चालू. रजेच्या अर्जात कारण म्हणून 'सण' लिहिलं तर साहेब विचारतात, कुठला? अमावस्येचा कुठं सण असतो का?

तर मागं एका पुरवणीचं काम आमच्या छापखान्यात आलं. कुणाची पुरवणी ते राहू दे. त्यात एक पान वेळ अमावस्येवर होतं आणि पाककृतीचा मजकूर निलंग्याकडच्या एका बाईंनी हातानं लिहून, त्या कागदांचे फोटो काढून पाठवला होता. बाईंचं अक्षर टपोरं आणि शब्द अगदी बरोबर. प्रत्येक ठिकाणी 'भज्जी'. माझ्याकडं पहिलं मुद्रित आलं तोवर कुणीतरी सगळीकडचा एक ज उडवला होता. मथळा, 'वेळ अमावस्येची खमंग भजी'. शेजारी फोटो कांदाभज्यांचा, बरोबर तळलेली मिरची आणि एका वाटीत टोमॅटो सॉस. खाली कृती अशी की तुरीचे ओले दाणे उकडून घ्यावेत, मेथी-पालक-चुका निवडून चिरावा, बेसन आंबट ताकात कालवून ओतावं आणि दाटसर होईपर्यंत ढवळावं. तेल फक्त फोडणीपुरतं. वाचणाऱ्या बाईनं कढई चढवून बसायचं आणि तळायची वेळ कधी येते याची वाट बघायची! त्यात कळस म्हणजे 'लसणाचा एक गडी सोलून घ्यावा'. बाईंनी 'गड्डी' लिहिलं होतं. मी मोठ्यानं हसले तसा मशीनवरचा मुलगा काय झालं म्हणून बघायला आला.

पुरवणीचं काम बघणारे उपसंपादक माणूस भला. त्यांनी मला शांतपणे सांगितलं, "मॅडम, भज्जी असा शब्द नाही. बोलताना लोक दाबून बोलतात. आपण आज्जीचं आजी करतो, तसंच हे."

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं, आणि मी ते मनातल्या मनात बराच वेळ घोळवत राहिले. मराठीत जोर द्यायचा झाला की आपण व्यंजन दुप्पट करतो. मोठा पुरला नाही तर मोठ्ठा. छोटा पुरला नाही तर छोट्टा. आजीवर जीव जास्त असेल तर आज्जी. मुद्रितं तपासणाऱ्याच्या हाताला सवयच लागलेली असते की असं दुहेरी अक्षर दिसलं की पेन उचलायचं. गावाकडून आलेल्या मजकुरात तर जास्तच, कारण तिथं लिहिणारा कानाला ऐकू येतं तसं लिहितो. म्हणून 'भज्जी' दिसली की हात आपोआप जातो. एक ज कापला की खाली भजी तयारच असते, ओळखीची, शब्दकोशातली, कुणालाही कळणारी. तिथंच घात होतो. कापल्यावर उरलेला तुकडा निरर्थक निघाला असता तर कुणीही थबकलं असतं.

कारण मराठीत दुहेरी अक्षर नुसता जोर दाखवायला येतं असं कुठं आहे? खडा आणि खड्डा यात जोराचा फरक नाही. खडा बुटात जातो, खड्ड्यात स्कूटर जाते. 'रस्त्यावरील खडे बुजविण्याचे काम सुरू' असं एका निविदेच्या मुद्रितात मी डोळ्यांनी वाचलंय, आणि कंत्राटदारानं तेवढंच केलं असतं तरी नियमात बसलं असतं. चिता आणि चित्ता. पटी आणि पट्टी: पाणी तीन पटीनं वाढलं तर पूर, पाणीपट्टी वाढली तर मोर्चा. गडी आणि गड्डी तर वर आलेच. गडी शेतावर राबतो, गड्डी लसणाची असते, आणि ती सोलली तर तिची तक्रार नसते.

पण उपसंपादकांना ही उदाहरणं पटली नाहीत. ते म्हणाले, ते सगळे शब्द प्रमाण मराठीतले आहेत, भज्जी बोलीतला. मग मी व्याकरण काढलं, आणि इथं मला एक असं सापडलं की ज्याच्याकडं इतकी वर्षं भज्जी खाऊनही माझं लक्ष गेलं नव्हतं.

'भजे' नपुंसकलिंगी. आपण बोलताना भजं म्हणतो. ते भजं, ती भजी. म्हणजे भजी हे अनेकवचन. भज्जी स्त्रीलिंगी आणि एकवचनी. ती भज्जी. आता मराठीची खोडी बघा. नपुंसकलिंगी अनेकवचन आणि स्त्रीलिंगी एकवचन यांची विशेषणं आणि भूतकाळी क्रियापदं सारखीच होतात. भजी चांगली झाली. भज्जी चांगली झाली. तिनं भजी केली. तिनं भज्जी केली. ती भजी संपली. ती भज्जी संपली. अशा भूतकाळी वाक्यात कुठंही टाकून बघा, बाकीचा एकही शब्द फरक सांगणार नाही. सगळा भार त्या अर्ध्या ज वर. म्हणून तो गेला तरी वाक्याला कळत नाही, वाचणाऱ्याला कळत नाही, आणि कांदाभज्यांचा फोटो लागतो.

फरक कळतो तो थोड्याच ठिकाणी. एक, 'आहे' किंवा वर्तमान-भविष्यकाळी क्रियापद आलं की. भज्जी झाली आहे, भजी झाली आहेत; भज्जी होते, भजी होतात. दुसरं, विभक्ती लागली की. भज्जीत लिंबू पिळा, भज्यांवर लिंबू पिळा. भजीचं सामान्यरूप 'भज्यां' होतं. 'भजीत', 'भजीला', 'भजीवर' ही रूपं व्याकरणात बसत नाहीत. हल्ली 'भजीसाठी लागणारे साहित्य' लिहिणारे पुष्कळ झालेत, त्यांचं मी मुकाट 'भज्यांसाठी' करून देते. आणि आमच्या पुरवणीत एका फटक्यात सगळे ज उडवल्यामुळे काय झालं होतं? 'भजीत चिंचेचा कोळ घालावा.' 'भजी खाली लागू नये म्हणून तिला सतत हलवावे.' तिला! भज्यांना कुणी 'तिला' म्हणतं का? बाईंच्या व्याकरणानं शब्दाची साक्ष दिली होती. शुद्ध करणाऱ्यानं चांगली शुद्ध वाक्यं मोडून ठेवली होती.

मी दोन ओळी अधोरेखित करून पान परत दिलं. सणाची गोष्ट, गावाची गोष्ट, चवीची गोष्ट सांगून जे झालं नाही ते एका 'तिला'नं झालं. ज परत आला. फोटोही बदलायला सांगितला, पण भज्जीचा चांगला फोटो कुणाकडं नव्हता. भज्जी दिसायला देखणी नसतेच. मी भावाला फोन करून मागवलेल्या फोटोत एक कळकट पातेलं आणि त्यात हिरवट-पिवळं काहीतरी. शेवटी त्यांनी ज्वारीच्या कणसांचा फोटो लावला. बरं केलं.

आता खुद्द भज्जीबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर हे सगळं नुसतं अक्षराचं भांडण वाटेल.

आक्काची (आमच्या घरी आईला आक्का म्हणतात, मामा लोक म्हणायचे म्हणून आम्हीही) भज्जी आदल्या दिवशी दुपारपासून सुरू होते. ओसरीवर शेंगांचे ढीग पडतात. तुरीच्या ओल्या शेंगा सगळ्यात जास्त, मग वाटाणा, वाल, पावटा. हरभऱ्याला घाटे लागले असतील तर सोलाणे, नाहीतर नुसते कोवळे शेंडे खुडून आणायचे. ओले भुईमूग मिळाले तर मिळाले, नाहीतर घरचे दाणे भिजत घालायचे. शेजारच्या बायका येऊन बसतात आणि सोलता सोलता ज्या गप्पा होतात त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. पालेभाज्या संध्याकाळी निवडतात: मेथी, पालक, चुका, चाकवत, करडईचा पाला, कांद्याची पात. गाजर असतं. काही घरी बोरं टाकतात. आक्काला ते पटत नाही, "भज्जीत बोराची बी दाताखाली आली की सणाचं तोंड कडू होतंय," म्हणते. किती भाज्या पडायला हव्यात यावर वाद आहेत. कुणी सोळा सांगतं, कुणी अठरा. आक्काचा नियम एकच, रानात जे आहे ते सगळं पडलं पाहिजे.

पहाटे उठून आधी दाणे उकडायचे, गाळ न करता, बोटानं दाबल्यावर दबतील एवढेच. मोठ्या पातेल्यात भरपूर लसूण, जिरं आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याची फोडणी. त्यात पाला, तो बसला की दाणे, मग चिंचेचा कोळ. आणि सगळ्यात शेवटी आंबट ताकात कालवलेलं बेसन. इथून पुढं पातेल्यापाशी एक माणूस बांधलेला. बेसन खाली धरतं, आणि करपलेल्या भज्जीचा वास अख्ख्या शिवाराला कळतो. कच्च्या पिठाचा वास गेला की झाली. गरम असताना पातळ वाटते, शेतात पोचेपर्यंत दाट होते. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, धपाटे, तिळाची पोळी, गव्हाचा खिचडा, आणि प्यायला आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवलेलं, लसूण-मीठ घातलेलं, थंडगार. भर थंडीत थंड आंबील पितात आणि कुणाला काही होत नाही, असं अण्णांचं मत. मला दरवर्षी सर्दी होते.

म्हणजे बेसन दोन्हीकडं आहे, हे खरं. भज्यात बेसन वरून असतं, भज्जीत आतून. एवढं एक नातं सोडलं तर दोघींचा काही संबंध नाही. भज्जीचं खरं नातं भाजीशी असावं असं मला वाटतं. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही शिजवायच्या. पण यावर मी कुणाशी पैज लावणार नाही.

गंमत अशी की आमच्या पट्ट्याच्या दक्षिणेला गेलं की दुहेरी ज चा अर्थ पुन्हा उलटतो. कन्नड आणि तेलुगूत बज्जी म्हणजे तळलेलीच. हैदराबादची मिरची बज्जी सगळ्यांना माहीत असते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. आमच्या आजोबांच्या पिढीचं कोर्ट, दवाखाना, कापडखरेदी सगळं त्या बाजूला, त्यामुळे बिदर-हैदराबादची बज्जी सीमेवरच्या गावांना परकी नाही. आमच्या छापखान्यात देगलूरचा एक जण आहे. मी येळवशीनंतर डबा आणणार, त्यात भज्जी असणार हे ऐकल्यावर तो दोन दिवस मिरची बज्जीच्या आशेवर होता. म्हणजे आमच्या भज्जीची अवस्था अशी, वरच्या अंगाला एक ज काढला की ती तळली जाते आणि खालच्या अंगाला भ चा ब केला की पुन्हा तळली जाते. आणि क्रिकेटवाल्यांना तर भज्जी म्हटलं की हरभजनसिंग आठवतो.

आता सणाच्या नावाकडं येते, कारण तिथंही हेच झालंय असं मला वाटतं, फक्त ते इतकं जुनं झालंय की आता कुणाला खटकत नाही.

आमच्याकडं सण 'येळवस'. कुणी येळामास म्हणतं, कुणी येळअमुशा. छापलं की होतं 'वेळ अमावस्या'. का? तर आमच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा 'वे' बहुतेकदा 'ये' होतो. वेडा येडा होतो, वेस येस होते, वेल येल होतो, आणि वेळ झाली की येळ झाली. शाळेत गेलेल्या पहिल्या पिढीनं हे उलटं फिरवायचं शिकून घेतलं. येडा लिहू नको, वेडा लिही. येस लिहू नको, वेस लिही. मग येळवस लिहायची पाळी आली तेव्हा हात आपोआप 'वेळ'वर गेला. नियम बरोबर लावला, पण शब्द त्या नियमातला होता का?

सीमेपलीकडं, कर्नाटकात, याच अमावस्येला शेतकरी असेच शेतात जातात, असंच जेवण नेतात, आणि पिकावर नैवेद्य शिंपडतात. तिथं तिला एळ्ळ अमावास्या म्हणतात. कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. उच्चार येळ्ळु असाच कानावर येतो. आमच्याकडं पिकावर आंबील शिंपडण्याला 'चर शिंपणं' म्हणतात. त्यांच्याकडं तो नैवेद्य 'चरग'. हे सगळं शेजारी शेजारी ठेवलं की येळवशीतली येळ घड्याळातली नसून तिळातली असावी, हे मला तरी पटतं. तिळाची पोळी पानात असतेच. वेळ म्हणजे काळ, ऋतू बदलायची वेळ, असा अर्थ लावणारेही आहेत, आणि त्यांच्याशी मी भांडत नाही. आक्काला विचारलं तर ती म्हणाली, "येळ म्हंजे येळ. तू काय करलालीस ते कर, इकडं उंडे थापायचे राह्यलेत."

पण ज्यांनी याच्याही पुढं जाऊन 'दर्शवेळा अमावस्या' केलंय त्यांच्याशी मात्र भांडायला हवं. पत्रिकांमध्ये, शुभेच्छांच्या फलकांवर हे नाव आता सर्रास दिसतं. दर्श म्हणजेच अमावस्या. पंचांगात दर्श अमावस्या लिहितात तेव्हाच ते दोनदा होतं, इथं मधे वेळा घालून तेच पुन्हा. येळवस हा चार अक्षरांचा सुटसुटीत शब्द खेडवळ वाटला म्हणून त्याला एवढं लांब उपरणं कशाला?

बाकीच्या जोड्या किरकोळ आहेत, पण त्रास त्यांचाही होतोच. आंबील ज्या मडक्यातून शेतात नेतात ती बिंदगी. कन्नडमध्ये घागरीला बिंदिगे म्हणतात, तिथूनच ती आली. माझ्या फोनला बिंदगी माहीत नाही. मी भावाला 'बिंदगी फुटू देऊ नको' लिहिलं की फोन त्याचं 'जिंदगी फुटू देऊ नको' करून पाठवतो, आणि भाऊ उत्तर देतो, 'फुटून गेली ताई कवाच.' उंड्यांचं अंडे होतं, आणि अमावस्येच्या नैवेद्यात अंडे वाचून एका ग्राहकाचा जीव वरखाली झाला होता. कोपीचं वेगळंच. कडब्याच्या पेंड्या उभ्या करून शेतात जी खोप करतात, जिच्यात चुना-कावेनं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतात, ती आमच्याकडं कोप. स्त्रीलिंगी. रागाचा कोप पुल्लिंगी. अक्षरं तीच, म्हणून इथं एकही ज, एकही मात्रा मदतीला नाही. 'शेतात पांडवांची कोप असते' याचं 'पांडवांचा कोप असतो' असं कुणी शुद्ध करून छापलं तर त्या शेतात जायला माणसं घाबरतील.

घरची आघाडी वेगळी. माझं सासर पैठणकडचं. लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला मला माहेरी जाता आलं नाही म्हणून मी इथंच भज्जी केली. सकाळपासून सांगत होते, आज भज्जी आहे, भज्जी आहे. सासूबाईंनी कौतुकानं चुलत सासऱ्यांनाही जेवायला बोलावलं. पानं मांडली, मी वाढलं, आणि सगळे थांबले. सासूबाई हळूच म्हणाल्या, "ही भाजी तर झाली छान. भजी कधी तळणार?" चुलत सासरे सुज्ञ माणूस. त्यांनी दोनदा घेतली आणि म्हणाले, "सूनबाई, हे गरगटं फक्कड झालंय."

गरगटं! त्यावरून आमचा घरगुती वाद आजतागायत चालू आहे. सासूबाई म्हणतात, पालेभाजी घोटून, डाळ-पीठ लावून केलेलं ते गरगटंच, तुम्ही त्याला काहीही नाव द्या. मी म्हणते, गरगट्यात पाला घोटून एकजीव करायचा असतो, भज्जीत दाणा दाण्याला ओळखू आला पाहिजे. घोटलेली भज्जी म्हणजे बिघडलेली भज्जी. त्या म्हणतात, मग तुझी दर वेळी बिघडते. यावर माझ्याकडं उत्तर नाही, कारण इथल्या बाजारात येळवशीच्या सुमाराला तुरीच्या शेंगा मिळाल्या तरी त्या कालच्या असतात. शेतातून थेट पातेल्यात जाणाऱ्या दाण्याची गोष्ट वेगळी. गॅसवर केली की धुराचा वासही येत नाही, आणि उभं राहून खायला समोर ज्वारीही नसते.

मुलगी मात्र कुठल्याच बाजूची नाही. तिला दोन्ही आवडतात, पण ती दोन्हीला भजीच म्हणते आणि फरक करायचा असेल तेव्हा 'ओली भजी' आणि 'सुकी भजी'. मी शुद्ध करायला गेले की ती विचारते, तुला कळलं ना मला कुठली पाहिजे? कळतं, हे खरंच आहे. तिला मी एवढंच सांगते की लातूरच्या आजीपुढं ओली भजी म्हणू नकोस, ती तेलकट राहिलेली भजी समजेल आणि पुन्हा तळायला बसेल.

२०२४ ची येळवस ३० डिसेंबरला आली होती, सोमवारी, म्हणजे सोमवतीही. तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो, सासूबाईंसकट. त्यांनी कोप बघितली, आंबील प्यायली, संध्याकाळी गवताचा हेंडगा, म्हणजे मशालीसारखी पेंडी, पेटवून पोरं शेताभोवती पळाली तेव्हा त्यांनीही 'अगं पडतील' म्हणत मागून आरडाओरडा केला. भज्जी त्यांनी मनापासून खाल्ली. निघताना आक्कानं डबा भरून दिला. गाडीत नवऱ्यानं विचारलं, "काय आहे डब्यात?" तर सासूबाई म्हणाल्या, "लातूरचं गरगटं."

डबा दुसऱ्या दिवशी उघडला. शिळी भज्जी तव्यावर थोड्या तेलात परतायची, कडेनं जरा कुरकुरीत होऊ द्यायची आणि गरम भाकरीबरोबर खायची, ही आक्काची पद्धत. ती ताज्या भज्जीहून सरस लागते, हे लातूरकडचं कुणीही सांगेल. शिळ्या भज्यांचं काय करायचं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. सासूबाई त्यांची कढी करतात.